सायलेन्सरची जवारी

दोन वर्षांपूर्वी याच सदरात मी बुलेटच्या सायलेन्सरवर तावातावाने लिहिलं होतं, ते काहींच्या लक्षात असेल. टिळकवाडीत रात्री साडेअकराला फटफट करत, मध्येच फाडकन फटाका वाजवत जाणारी पोरं आणि त्यांना ते सायलेन्सर बसवून देणारे दुकानदार, सगळ्यांना मी धुऊन काढलं होतं. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर त्या लेखाला अंगठे बरेच मिळाले. तेव्हा आता जे सांगणार आहे ते जरा खाली मान घालूनच सांगावं लागेल. यंदाच्या उन्हाळ्यात मी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला, लेकीच्या गाडीखाली पाठीवर पडून होतो. हातात एकवीस-बावीसचा पाना, डोळ्यांत गंजाची भुकटी, आणि काम काय, तर सायलेन्सर बदलणे. आवाज सुधारावा म्हणून!

सौ. म्हणाली, "तुमचा तो लेख छापून इथं गाडीच्या काचेला लावू का?"

लेक तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची चाचणी करणाऱ्या एका कंपनीत आहे. तिने २०१० सालची, आठ हजार मैलांची नव्हे, ऐंशी हजार मैल झालेली, लाल माझ्दा एमएक्स-फाइव्ह घेतली. दोन माणसांची, कापडी छपराची, दोन लिटरची चार सिलिंडरची छोटी स्पोर्ट्स कार. गाडीत बसायचं म्हणजे माझ्या गुडघ्यांना योगासन. पण या गाडीचा इतिहास मला आवडला. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात जपान्यांनी ती पहिल्यांदा मांडली, तेव्हा असल्या छोट्या उघड्या गाड्या बनवणं इंग्रजांनी जवळजवळ सोडून दिलं होतं. जपान्यांनी इंग्रजी गाड्यांची गंमत उचलली आणि त्यांचं तेल गळणं तेवढं मागे ठेवलं. 'घोडा आणि स्वार एक' अशा अर्थाचा त्यांचा एक जुना शब्द आहे, जिन्बा इत्ताइ, तो त्यांनी या गाडीचं सूत्र म्हणून वापरला. एक्झॉस्टचा आवाज कसा यावा यावरही त्या पहिल्या गाडीच्या वेळी मुद्दाम काम केलेलं होतं. २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली.

लेकीची तक्रार एवढीच, की तिची गाडी "बोलत नाही". चालते छान, वळते छान, पण आवाज शिलाई मशीनचा.

आता आवाज येतो कुठून, हे दोन मिनिटं सांगतो, कारण पुढची सगळी फजिती त्यावर आहे. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे चार सिलिंडर असले की दर फेऱ्याला दोन स्फोट. इंजिन मिनिटाला ३००० फेरे करत असेल तर सेकंदाला पन्नास फेरे, शंभर स्फोट. प्रत्येक स्फोटानंतर झडप उघडते आणि तापलेला वायू नळीत ठोसा मारल्यासारखा सुटतो. सेकंदाला शंभर ठोसे म्हणजे शंभर हर्ट्झचा सूर. तो मूळ सूर, आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वरांश. यांचं मिश्रण म्हणजे गाडीचा आवाज.

प्रत्येक इंजिनाचं घराणं जन्मतःच ठरलेलं असतं. लेक्सस एलएफए नावाची गाडी आहे, फक्त ५०० बनवल्या. तिचं दहा सिलिंडरचं इंजिन नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जातं. तिथे सेकंदाला साडेसातशे ठोसे पडतात, म्हणून ती किंचाळत नाही, गाते. तिच्या आवाजासाठी यामाहाची मदत घेतली होती, तेच यामाहा जे पियानोही बनवतात. अमेरिकन आठ सिलिंडरच्या गाड्यांत क्रँकशाफ्टच्या रचनेमुळे एका बाजूच्या चार सिलिंडरांचे ठोसे समान अंतराने पडत नाहीत, म्हणून त्या गुडगुडतात. हार्ले डेव्हिडसनवाल्यांना आपली असली लंगडी लय इतकी प्रिय, की १९९४ साली त्यांनी त्या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला होता. सहा वर्षं भांडून २००० साली अर्ज मागे घेतला. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाला हे काही जमायचं नाही. कितीही जाड नळी लावली तरी ते आठ सिलिंडरचं होत नाही, नुसतं ओरडणारं चार सिलिंडरचं होतं. हे मला माहीत होतं. तरी पुढचं घडलं.

सायलेन्सर मुख्यतः दोन तऱ्हांचे. एकात डबा आतून खणाखणांचा असतो. वायू या खणातून त्या खणात, उलटा फिरून परत, असा जातो. आवाजाच्या लाटा आपटून माघारी येतात आणि एकमेकींना मारतात. कंपनीच्या गाडीत बहुधा हा प्रकार, कारण तो स्वस्त, टिकाऊ आणि शांत. दुसऱ्यात सरळ नळी, तिला बारीक भोकं, भोवती काचतंतूंचं किंवा तसलंच भरण. वायू सरळ निघून जातो, आवाजाचा वरचा भाग भरणात जिरतो. यातून वायूला अडथळा कमी. "इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच," असं गॅरेजमध्ये छातीठोकपणे सांगतात, ते काही खरं नाही. इंजिनाला अडथळा कधीच नको असतो, हवा असतो तो नळीतला वेग. एका ठोशामागे तयार झालेली पोकळी पुढच्या सिलिंडरचा वायू ओढून घेते, त्यासाठी. नळी उगाच जाड केली की वेग मरतो आणि खालची ताकद जाते, मग लोक म्हणतात बॅकप्रेशर गेलं. असो. नुसता मागचा डबा बदलून ताकद वाढते ती इतकी थोडी, की चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. जे बदलतं ते फक्त आवाजात.

लेकीने जुना, वापरलेला, सरळ नळीचा डबा ऑनलाइन विकत घेतला. विकणाऱ्याने "गोड घुमणारा" असं लिहिलं होतं. आत पाहिलं तर भरण जवळजवळ जळून गेलेलं, म्हणजे भोकांची नळी आणि भोवती रिकामा पत्रा. मी फौंड्रीत ३२ वर्षं काढलेला माणूस, मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण शनिवारची दुपार होती, ऊन होतं, गाडी स्टँडवर चढवलेली होती, रबरी कड्या साबणाच्या पाण्याने सोडवून झाल्या होत्या. लावला.

लेकीने चावी फिरवली आणि खरं सांगतो, वाचकहो, मला तो आवाज फार आवडला. भरदार, खरखरीत, छातीत बसणारा. मी टाळी दिली तिला. दोघंही लहान पोरांसारखे हसलो. जावई खिडकीतून म्हणाला, "बाबा, हे जरा जास्त नाही का होत?" त्याच्याकडे आम्ही दोघांनी दुर्लक्ष केलं. सौ. दारात उभी होती. ती काही बोलली नाही. कान किंचित तिरका करून ऐकत राहिली, नवीन शिष्येचा पहिला सा ऐकताना करते तसा, आणि आत निघून गेली.

दोन दिवस मजेत गेले. रविवारी आम्ही मोटरवेने निघालो. लेक चालवत होती, शेजारी सौ. दोनच माणसांची गाडी, त्यामुळे मी आणि जावई त्याच्या गाडीत मागून. तासाभराने चहाला थांबलो तर सौ. डोकं धरून उतरली.

"काय झालं?"

"तुमच्या लेकीच्या गाडीत कोणीतरी तासभर पांढरी सहाचा खर्ज लावून बसलंय. एकच. हलत नाही. श्वास घेत नाही."

सौ. घरी गाणं शिकवते, चाळीस वर्षं झाली. सुराच्या बाबतीत ती जे म्हणते ते मी कागदावर लिहून घेतो. पांढरी सहाचा खर्ज म्हणजे ११० हर्ट्झ. मी लेकीला विचारलं, सत्तर मैलांच्या वेगाला इंजिनाचे फेरे किती? "सहाव्या गिअरमध्ये ३३०० च्या आसपास." ३३०० भागिले साठ, गुणिले दोन. एकशे दहा! चहाच्या कागदी रुमालावर हा हिशेब मांडला तेव्हा लेकीने आईकडे जे बघितलं, ते मी कधी विसरणार नाही. चाचणीच्या कंपनीत याच कामाला माइक आणि संगणक लागतो.

याला तिकडे ड्रोन म्हणतात. गाडीच्या बंद डब्याला स्वतःचा एक सूर असतो, रिकाम्या घागरीला असतो तसा. नळीचा सूर त्याच्याशी जुळला की आत बसलेल्याच्या डोक्याचं भरीत. नेमका लांबच्या प्रवासाच्या वेगालाच जुळला तर सुटका नाही.

पण खरा प्रश्न ड्रोनचा नव्हता, तो सोमवारी उभा राहिला. लेकीची पाळी सकाळी सहाची, निघते साडेपाचला. गार इंजिन सुरू झालं की पहिलं मिनिटभर ते मुद्दाम जोरात फिरतं आणि ठिणगीही उशिरा पडते, का, तर जळते वायू लवकर मागे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापावा म्हणून. तापल्याशिवाय तो धूर साफ करत नाही. म्हणजे गाडी सगळ्यात मोठ्याने ओरडते ती नेमकी पहाटे, घरासमोर, उभ्या उभ्या. आणि घर जुळं. भिंतीपलीकडे एक म्हातारं जोडपं.

बुधवारी संध्याकाळी ते आजोबा कुंपणापाशी आले. जुने कार-कारखान्यातले, माझ्यासारखेच निवृत्त, दोन्ही कानांत यंत्रं. तक्रार म्हणून नाहीच आले. गाडीची चौकशी केली, कुठला डबा लावला विचारलं, आपण तरुणपणी काय काय लावलं होतं ते सांगितलं. मग जायला वळले आणि म्हणाले, बायकोचे उपचार चालू आहेत, रात्रभर दुखतं, पहाटे चारनंतर कुठे डोळा लागतो. एवढंच. "आवाज छान आहे हो," असंही म्हणाले जाता जाता. ते वाक्य मला जास्त लागलं.

त्या रात्री लेकीने गाडी पुढच्या चौकात नेऊन लावली आणि पहाटे अंधारात चालत गेली. चार दिवस. दुसऱ्याच्या दाराशी नेऊन ओरडायचं, हा काही मार्ग नव्हता, हे तिलाही कळत होतं. शिवाय कायदा. तिथल्या १९८६ च्या नियमांत स्वच्छ लिहिलंय, सायलेन्सरमध्ये आवाज वाढेल असा बदल करायचा नाही. दरवर्षीच्या तपासणीतही अडकवू शकतात. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आहे, दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिने कैद. मी त्या लेखात हे कलम ठळक अक्षरांत छापायला लावलं होतं!

"जुना डबा परत लावू या," मी म्हणालो.

लेक म्हणाली, "बाबा, लावते. पण मला ओरडणारी गाडी नको होती. मला बोलणारी हवी होती. ते दोन वेगळे आहेत ना?"

उत्तर सौ.ने दिलं, भाजी निवडता निवडता. "वेगळे आहेत की! मोठा आवाज आणि खुला आवाज एक असता तर मिरजेला कोण कशाला गेलं असतं?"

आमच्या घरचा तानपुरा मिरजेचा. दर काही वर्षांनी त्याची जवारी काढायला तिकडे न्यावा लागतो. बेळगावातल्या गाणाऱ्यांना हे नवीन नाही, पण इंदूर-बडोद्याकडच्या आणि हैदराबादच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी तानपुरा नाही, त्यांच्यासाठी सांगतो. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा सपाट नसतो, किंचित उताराचा असतो. तार छेडली की ती त्या उताराला हलकेच घासत राहते, आणि त्या घासण्यातून वरचे स्वरांश उमलतात. वापरून वापरून घोडीवर चरा पडतो, मग आवाज बंद होतो. कारागीर काय करतो? कानस घेऊन माथा केसभर घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तार तीच, भोपळा तोच, छेडणारं बोट तेच. आवाज मोठा होत नाही. खुला होतो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या कानाला मिळालं असं मी समजतो.

"कंपनीचा डबा बंद जवारीचा," सौ. म्हणाली, "आणि तुम्ही दोघांनी लावलाय तो जवारीच नसलेला. नुसता भोपळा बडवताय."

मग काम नीट सुरू झालं. लेकीने वापरलेला डबा विकला नाही, भंगारात टाकला. मला बरं वाटलं. त्याऐवजी तिने मान्यताप्राप्त, 'ई' खुणेचा नवा डबा मागवला. ही खूण असलेला डबा आवाजाच्या चाचणीतून गेलेला असतो, त्या मर्यादेच्या आत राहून थोडा मोकळा. तीनशेवर पौंड गेले. कन्व्हर्टर आणि मधला छोटा रेझोनेटर यांना हात लावायचा नाही, हे पहिल्यांदाच ठरवलं. नवा डबा लावल्यावर पहाटेचा आवाज खाली आला, पण मोटरवेवरचा पांढरी सहा थोडासा उरला. तेवढा एकच सूर काढायचा होता.

एकच सूर काढायची युक्ती जुनी आहे आणि मला फार आवडते. मुख्य नळीला एक बाजूची नळी जोडायची, तिचं दुसरं टोक बंद. लाट त्या नळीत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते. नळीची लांबी लाटेच्या पाव असेल तर जाऊन येऊन अर्ध्या लाटेचा उशीर होतो, आणि परतणारी लाट मूळ लाटेच्या बरोबर उलट पडून तिला मिटवते. बाकीच्या बहुतेक सुरांना धक्का लागत नाही. काही जळत नाही, काही झिजत नाही, बंद टोकाची एक मुकी नळी.

हिशेब मी केला. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, भागिले ११०, त्याचा पाव. ७७ सेंटिमीटर. जवळच्या एका वेल्डरकडून नळी जोडून आणली, गाडीच्या पोटाखाली वळवून बसवली. जागा शोधण्यातच अख्खा शनिवार गेला, कारण त्या गाडीच्या पोटात उंदराला फिरायची सोय नाही.

रविवारी पुन्हा मोटरवे. सौ. उतरली ती कपाळाला हात लावूनच. "खर्ज तस्साच आहे. आणि वर चढताना जो गोड भाग यायचा ना, तो गेला."

तो गोड भाग पावणेपाच-पाच हजार फेऱ्यांच्या आसपासचा. माझ्या नळीने नेमका तोच गिळला होता! लेक दोन मिनिटं गप्प राहिली आणि मग खोखो हसत सुटली. "बाबा, ३४० हा वेग खोलीतल्या हवेचा. नळीतला वायू किती अंशांवर आहे?"

३२ वर्षं मी वितळलेलं लोखंड ओतलं. तापलेल्या वायूत ध्वनी वेगाने जातो, हे मला बारावीपासून ठाऊक आहे. तरी कागदावर मांडताना गार हवेचा आकडा लिहिला. वायू साधारण ३०० अंशांवर धरला तर ध्वनीचा वेग ४८० मीटरच्या घरात जातो, आणि नळी हवी एक मीटर नऊ-दहा सेंटिमीटरची. माझी ७७ ची नळी जिथे लागू पडायला हवी होती त्याच्या कितीतरी वर लागू पडत होती. वेल्डरकडे परत जाताना मी गाडीतच बसून राहिलो. लेकीने आत जाऊन काय सांगितलं माहीत नाही, पण तो बाहेर येऊन माझ्याशी फार आदराने हात मिळवून गेला, म्हणजे नक्की सगळं सांगितलं असणार.

या वेळी नळी सव्वा मीटरची ठेवली आणि टोकाला सरकतं बूच. मोटरवेवर एक फेरी, बूच दोन सेंटिमीटर आत, पुन्हा फेरी. सौ. शेजारी बसून सांगणार, "अजून... अजून... थांब, आता गेला." मिरजेच्या कारागिराच्या दुकानात ती जशी बसते तशीच. बूच थांबलं ते एक मीटर तेरावर. माझा दुसरा हिशेब तीन-चार सेंटिमीटरनी चुकला होता, पण तेवढं चालतं. कागदावर एकच तापमान धरलेलं, नळीत ते जागोजागी वेगळं. मग बूच कायमचं जोडून टाकलं.

आता गाडी बोलते. उभी असताना जुन्याइतकीच शांत, शहरात सौम्य, आणि चार हजारांच्या वर एक तांबूस, किंचित खरखरीत धार येते. हे 'तांबूस' वगैरे सौ.चं वर्णन. लेकीने मोबाइलवर आवाजाचा आलेख काढला होता, तिन्ही डब्यांचा. मोबाइलचे डेसिबल काही प्रमाण नव्हेत, पण एकाच जागी एकाच फोनने मोजले तर तुलना होते. पडद्यावर रंगीत पट्टे. खालचा ११० चा पट्टा पहिल्यात ठळक, शेवटच्यात जवळजवळ पुसलेला. वर मात्र, दोन-तीन-चार हजार हर्ट्झकडे, शेवटच्या आलेखात बारीक बारीक रेघांची जाळी.

"ही बघा बाबा, ही धार. ऐकू येते ना?"

तिने ध्वनिमुद्रण लावलं. मी ऐकलं. जुना डबा, नवा डबा. पुन्हा लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. मला दोन्ही सारखेच वाटले.

आमच्या फौंड्रीत ओतीव काम साफ करण्याचा जो विभाग, फेटलिंग, तिथे मी पहिली अकरा वर्षं होतो. दिवसभर ग्राइंडर आणि हवेच्या छिन्न्या. आठ तासांना ९० डेसिबल ही कारखान्यांची मर्यादा, आणि तिथे ती पाळली जात नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. कानात बोळे घालणाऱ्याला पोरं हसायची, मीही हसलो. आवाजाने कान जातो तो आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास जातो, असं डॉक्टर सांगतात. बोलणं बरंचसं ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. माणूस फक्त टीव्ही मोठा करतो आणि बायकोला म्हणतो, तू हल्ली पुटपुटतेस.

तेव्हा कुठे मला उमगलं, पहिल्या दिवशी तो फाटका डबा मला इतका का आवडला होता. माझ्यापर्यंत पोहोचेल एवढं त्यात काहीतरी होतं. सौ.ला ते पहिल्या क्षणी कळलं असणार. ती तेव्हा आत निघून गेली ती आवाजामुळे की माझ्या टाळीमुळे, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

टिळकवाडीतल्या त्या बुलेटवाल्यांपैकी एक पोरगा आमच्या ओळखीचा, दिवसभर ग्राइंडिंगच्या मशिनवर असतो. परत आल्यावर त्याला रस्त्यात थांबवलं. सायलेन्सरबद्दल काही बोललो नाही. कानात बोळे घालतोस का, एवढंच विचारलं. तो हसला.

निघायच्या आधीच्या सोमवारी आम्ही दोघं पहाटे उठून फाटकापाशी उभे राहिलो. सप्टेंबरचा अंधार. लेक गाडी काढून निघाली. शेजारच्यांच्या वरच्या खिडकीचा पडदा हलला नाही. गाडी उतारावरून खाली गेली, दिवे वळले.

"तिसरा टाकला," सौ. म्हणाली. थोड्या वेळाने, "आता मोठ्या रस्त्याला लागली. चढतेय बघा. किती छान उघडतोय आवाज! येतोय ना ऐकू?"

मी "होय की" म्हणालो. माझ्यापुरती गाडी वळणावरच संपली होती.

इथे आल्यावर कान तपासून घेतले. यंत्रं पुढच्या आठवड्यात मिळायची आहेत. सौ.ने तानपुरा गवसणीतून काढून ठेवलाय.